विंग पॅडलचे पाते निवडताना: आधी क्षेत्रफळ, मग आकार

कयाकसाठी सपाट पात्याचे वल्हे सोडून विंग पॅडल, म्हणजे पंखासारख्या वक्र पात्याचे वल्हे, घ्यायचे ठरले की बहुतेक जण पहिली चौकशी कंपनीची करतात. ब्राचा, यांटेक्स किंवा एपिक यांसारखे नावाजलेले उत्पादक एकाहून अधिक मापांची पाती विकतात, आणि एकाच कंपनीच्या लहान व मोठ्या पात्यातला फरक पुष्कळदा दोन कंपन्यांच्या सारख्याच मापाच्या पात्यांमधल्या फरकाहून जास्त जाणवतो. त्यामुळे क्षेत्रफळाचा विचार प्रथम, आकाराचा त्यानंतर आणि नावाचा सर्वांत शेवटी करावा, असे माझे मत आहे.

विंगच घ्यावे का, हा प्रश्न मात्र त्याहीआधीचा आहे. सपाट पाते होडीला समांतर मागे ओढले जाते आणि ओढताना पाणी त्याच्या कडांवरून निसटत राहते. 1980च्या दशकाच्या मध्यास स्वीडनमध्ये पुढे आलेल्या विंग पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा वक्र असतो. ते मागे सरळ न जाता होडीपासून तिरके बाहेर सरकते आणि त्या सरकण्यातून निर्माण होणारी लिफ्ट (विमानाच्या पंखाला मिळते तसे बल) होडीला पुढे नेण्याच्या कामी येते. नॉर्वेचे कयाकपटू आयनार रासमुसेन यांनी या पात्याला पीळ दिला आणि आज बाजारात दिसणारी बहुतेक पाती त्याच पिळदार घाटाची आहेत. हा लाभ केवळ पुढे जाण्यापुरता आहे, हे मात्र विसरू नये. उलटे वल्हवणे, होडी बाजूला ओढून घेणे, अरुंद जागेत ती वळवणे ही कामे वक्र पात्याने अवघड होतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाड्यांमध्ये कांदळवनांच्या फटींतून रमतगमत फिरणे एवढाच हेतू असेल, तर सपाट पातेच अधिक उपयोगी आहे आणि खर्चही वाचतो.

आता क्षेत्रफळ. प्रौढांसाठीची विंग पाती साधारण 600 ते 820 चौरस सेंटिमीटर या टप्प्यात मिळतात. मोठे पाते पाण्यात जवळपास हलत नाही, प्रत्येक स्ट्रोकला होडी लांब झेप घेते आणि किनाऱ्यावर दोन मिनिटे वापरून पाहणाऱ्याला तेच श्रेष्ठ वाटते. दुकानातली ही भूल फार जणांना महागात पडते. स्प्रिंट कयाकमध्ये 1000 मीटरचे अंतर अव्वल पुरुष खेळाडू साडेतीन मिनिटांच्या आसपास कापतात. तेवढ्या वेळासाठी, तेही अनेक वर्षांच्या सरावाने घट्ट झालेल्या खांद्यांना, मोठे पाते पेलते. तास-दोन तास वल्हवणाऱ्याचे स्ट्रोक मात्र त्याच पात्याने मंद आणि जड होत जातात, आणि दुखणे आधी खांद्यात, मग मनगटात उतरते.

सर्फस्कीसाठी, म्हणजे समुद्राच्या लाटांवर चालवायच्या लांब, अरुंद कयाकसाठी, तर लहान पात्याची बाजू आणखी भक्कम आहे. केपटाउनजवळच्या फॉल्स बे उपसागरात उन्हाळी आग्नेय वाऱ्याबरोबर मिलर्स पॉइंटपासून फिश होकपर्यंत जाणारे सर्फस्कीपटू सलग एकाच वेगाने वल्हवत नाहीत. पुढची लाट उचलू लागली की पाच-सहा झटपट स्ट्रोक मारून होडी तिच्या उतारावर घालायची, मग श्वास घ्यायचा, आणि पुन्हा तेच. या खेळात स्ट्रोकची गती क्षणात वाढवता येणे निर्णायक ठरते, आणि मोठे पाते नेमके तिथेच आड येते. हवाईतल्या मोलोकाई ते ओआहू या सुमारे 52 किलोमीटरच्या शर्यतीसारख्या लांब पल्ल्याला शरीर राखून ठेवण्याचा मुद्दाही त्यात येतो. मध्यम बांध्याच्या पुरुषाने समुद्रासाठी 700च्या आसपास, आणि हलक्या बांध्याच्या व्यक्तीने 650च्या जवळपास सुरुवात करावी. शांत तलावात के-वनचा (एकट्याने चालवायच्या शर्यतीच्या कयाकचा) नियमित सराव करणाऱ्याने 720 ते 760 पर्यंत जाण्यास हरकत नाही. शंका असेल तेव्हा लहान माप घ्यावे.

आकाराची निवड मुख्यतः दोहोंत असते. थेंबासारखे, टोकाकडे रुंद होत जाणारे पाते पाण्यात शिरताच घट्ट पकड देते. जोर स्ट्रोकच्या आरंभीच मिळतो, पण पाते पुरते बुडण्याआधी ओढण्याची सवय असलेल्याला ते लगेच शिक्षा करते. कडा जवळपास समांतर असलेले, किंचित लांबट पाते पाणी हळूहळू धरते, जोर पूर्ण स्ट्रोकभर एकसारखा वाटून देते आणि उसळत्या पाण्यात चुकलेला स्ट्रोकही सांभाळून घेते. तंत्र पक्के असलेल्या स्प्रिंटपटूला पहिले आवडेल. नव्याने सर्फस्कीकडे वळणाऱ्याला मी दुसरेच सुचवेन.

दांड्याबाबत फार बोलण्यासारखे नाही. सर्फस्कीत माणूस उसळत्या पाण्यात जलद लयीने वल्हवतो, म्हणून मध्यम उंचीला 208 ते 212 सेंटिमीटर लांबी पुरते, तर के-वनमध्ये ती अनेकदा 214 ते 218 पर्यंत जाते. दोन पात्यांमधला कोन 60 अंशांवर ठेवण्याची प्रथा असली तरी मनगट दुखत असल्यास 45 पर्यंत खाली यावे. सांधे कुरकुरत असतील तर अतिकठीण दांडा टाळून थोडा लवणारा घ्यावा, मग त्यात काही ग्रॅम वजन वाढले तरी चालेल. पूर्ण कार्बनचे विंग पॅडल सहसा 600 ते 800 ग्रॅमचे भरते, आणि पात्याचे माप चुकले असेल तर त्यातले वाचवलेले पन्नास ग्रॅम काही उपयोगाचे नाहीत. एक खर्च मात्र करावा: लांबी आणि कोन दोन्ही बदलता येणारा, दोन तुकड्यांचा दांडा घ्यावा, कारण आपली खरी लांबी काही महिने वल्हवल्यानंतरच कळते आणि प्रवासातही तो सोयीचा पडतो. वापरलेले पॅडल घेत असल्यास पात्याच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात आणि दांड्याचा जोड कुलूपबंद केल्यावर जरासुद्धा हलत नाही ना, हे तपासावे.