‘रेटिंग २२००’ म्हणून विकलेला चेस कॉम्प्युटर

वडिलांना मोबाइलच्या स्क्रीनवर बुद्धिबळ खेळवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा, प्रवासात नेता येईल असा जुना चेस कॉम्प्युटर घेतला. ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं: ‘रेटिंग २२००, ६४ लेव्हल, कास्परॉव्हला हरवलेला प्रोग्रॅम.’ (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा; कास्परॉव्ह म्हणजे तेव्हाचा जगज्जेता.) विक्रेत्याने सगळे पैसे यूपीआयवर आगाऊ घेतले. हीच जाहिरात नाव बदलून पुन्हा फिरते आहे, म्हणून हे लिहितोय.

कास्परॉव्हची गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच ती धोकादायक आहे. १९९४ साली लंडनच्या जलद स्पर्धेत रिचर्ड लँगच्या ‘चेस जीनियस’ने त्याला हरवलं होतं. (त्याच स्पर्धेत पुढे आपल्या आनंदने जीनियसला घरी पाठवलं, हे विक्रेते सांगत नाहीत.) पण तो प्रोग्रॅम तेव्हा पेंटियम संगणकावर चालत होता. प्रोग्रॅम तोच असला तरी मंद चिपवर तो पुढच्या कमी चाली पाहू शकतो. वेग निम्मा झाला की रेटिंग साधारण ५० ते ७० गुणांनी उतरतं, आणि हातातल्या यंत्राची चिप पेंटियमपेक्षा कितीतरी पट मंद असते.

आमच्याकडे आलेल्या यंत्रात तर तो प्रोग्रॅमही नव्हता. पुतण्याचं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १५०० च्या आसपास. समोरचा खरोखर २२०० चा असेल, तर रेटिंगमधल्या ७०० च्या फरकाने शंभर डावांत पुतण्याला जेमतेम दोन गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळायला हवेत. तो तर सर्वांत वरच्या लेव्हलला एकामागून एक डाव जिंकत सुटला. मग आम्ही यंत्राला राजा आणि हत्ती दिले, समोर एकटा राजा ठेवला. क्लबात नवीन आलेली मुलंही इथे मात देतात. यंत्र हत्ती इकडून तिकडे फिरवत राहिलं आणि पन्नास चालींच्या नियमाने (दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत ना मोहरा मारला गेला, ना प्यादं हललं, तर बरोबरी) डाव बरोबरीत सुटला. मागचं स्टिकर सोलल्यावर खाली वेगळाच मॉडेल नंबर निघाला.

विक्रेता म्हणाला, ‘सर, लेव्हल वाढवा.’ लेव्हलचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. बहुतेक यंत्रांत त्या ६४ पैकी बऱ्याचशा लेव्हल फक्त विचाराचा वेळ बदलतात. रेटिंगचंही तसंच: ते कुणी काढलं आणि किती वेळेच्या डावांत, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. स्वीडनमधली संगणक-बुद्धिबळ संघटना अनेक वर्षं यंत्रांना एकमेकांशी ४० चाली दोन तासांत या वेगाने खेळवून यादी काढत आली आहे. तिथला आकडा पाच सेकंदांच्या चालीला लागू पडत नाही. खोक्यावर छापलेल्या आकड्यामागे बरेचदा एवढीही चाचणी नसते.

पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर मॉडेल नंबर दाखवायला सांगा, मग त्या मॉडेलचं नाव स्वतंत्र यादीत शोधा. राजा-हत्तीची परीक्षाही कॉलवरच घ्या, पाच मिनिटांत होते. नकार मिळाला तर तिथेच थांबा.

आम्ही जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि सोललेल्या स्टिकरचा फोटो जपून ठेवलाय. विक्रेत्याने नंबर ब्लॉक केल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. ‘कास्परॉव्हला हरवलेला’ असं लिहिलेली जाहिरात कुणाला दिसली, तर ती काढून टाकली जाण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.