मान, जबडा आणि डोकेदुखी: रोजचा करंट की आठवड्याचा हात?

डोळे तपासून झाले, दाढेचा एक्स-रे झाला, सायनसच्या गोळ्या खाऊन झाल्या, तरी कानशिलातला ठणका आणि कानापुढची कळ जात नाही. मग कुणीतरी फिजिओचं नाव काढतं. मराठवाड्यात राहणाऱ्यापुढं तेव्हा साधारण दोन वाटा असतात. पहिली तालुक्याच्या गावातली: दहा दिवस रोज या, करंट आणि शेक घ्या. दुसरी लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगरची: आठवड्यातून एकदा या, हातानं उपचार घ्या, बाकीचं घरी करा. मी दोन्ही घेतल्यात. तालुक्याच्या वाटेला नावं ठेवायला हा लेख नाही, पण तागडी अगदी सरळ धरतो असंही म्हणत नाही.

कुठलीही वाट धरण्याआधी आरशासमोर एक काम करा. स्वतःच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का बघा. बसली तर तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडतंय. दोनच बोटं बसत असतील तर पुढचा प्रश्न सुपारीचा. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी गालात पुडी ठेवणारे आपल्या ओळखीत निघतातच. अशा माणसाचा गाल आतून पांढरट होतो, बोट फिरवलं तर ताठ दोऱ्या लागतात, तिखट भाजीनं तोंड पोळतं. दुखतं कमी, पण उघडत नाही. हा जबड्याच्या सांध्याचा आजार नव्हे. ही पुढं कॅन्सरकडं जाऊ शकणारी अवस्था आहे, आणि तिथं आधी दातांचा डॉक्टर लागतो. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं दाखवावं. सुपारी न सोडता तोंड उघडायचे व्यायाम करत बसण्यात अर्थ नाही.

आणखी काही दुखणी फिजिओची नाहीतच. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा आवळायला लागला तर धनुर्वाताची शंका घ्यायची आणि त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. एकाएकी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत ताठ झालेली मान. हातातली पकड सुटणं. चढ चढताना जबड्यात येणारी आणि घाम फोडणारी कळ. यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखीची साधी गोळी घेणं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवत असण्याची शक्यता असते. तेही डॉक्टरांना सांगून घ्या, नाहीतर फिजिओच्या कष्टाला फळ दिसणार नाही.

आता तालुक्याची मशीन. आपण ज्याला करंट म्हणतो तो बहुतेक वेळा आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी असतो: दुखऱ्या भागातून सोडलेला सौम्य विजेचा प्रवाह. मान आणि खांद्यावर चार पॅड, दहा-पंधरा मिनिटं, मुंग्या आल्यासारखं वाटतं. पाठोपाठ जेल लावून अल्ट्रासाउंडचं डोकं पाच-सात मिनिटं फिरवतात, किंवा शॉर्टवेव्हचा शेक देतात. काही ठिकाणी मानेला वजन लावतात. नीट केलं तर यानं बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. बरं वाटण्यामागं कारणही आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 साली मांडलं, की स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या तर दुखण्याचा निरोप मणक्यातच अडवता येतो. करंट साधारण तेच करतो. पण पॅड निघाले की ते दार हळूहळू परत उघडतं. आराम काही तासांचा असतो.

आणि माझा निर्णय इथंच झाला. ते काही तास जातात कुठं? गावापासून तालुका तीस-चाळीस किलोमीटर, रस्त्याचं काम कायम अर्धवट. करंट घेऊन मोटारसायकलवर बसलं की हेल्मेटचं वजन डोक्यावर, हनुवटी पुढं, खड्डा दिसला की दात आपोआप आवळलेले. म्हणजे ज्या स्नायूंना आत्ताच सैल केलं, तेच स्नायू तासभर ताणून घरी यायचं. एसटीत मागच्या सीटवर बसलं तर वेगळं काही होत नाही. घरी पोहोचेपर्यंत कानशिल सकाळी होतं तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी आली की मधले दोन-तीन दिवस चुकतात, आणि गुण आला नाही म्हटलं की काउंटरवरून उत्तर तयार असतं: ‘तुम्ही कोर्स पूर्ण केला नाही.’ माझ्या बाबतीत तर पॅड पहिल्या दिवशी जिथं लागले तिथंच शेवटपर्यंत लागत गेले. तोंड किती उघडतंय, मान किती वळतेय हे मधे कुणी बघितलं नाही. सगळीकडं असंच असतं असं नाही. पण रोजच्या फेरीला माणूस तयार का होतो, तर कुणीतरी रोज बघेल म्हणून. तेच होत नसेल तर रोज जायचं कशाला?

तालुक्याच्या गावात घराशेजारीच दवाखाना असेल तर माझा हा मुद्दा निम्मा गळून पडतो, हे मान्य.

दुसऱ्या वाटेवर पहिली भेट लांबलचक असते आणि उपचारापेक्षा तपासणीच जास्त वाटते. चांगला फिजिओ मान पूर्ण खाली वाकवून मग डावी-उजवीकडं फिरवून बघतो. अशा स्थितीत साधारण 40 ते 45 अंश वळण मिळायला हवं. एका बाजूला दहा-बारा अंश कमी आलं आणि डोकेदुखीही त्याच बाजूची असली, तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांकडं संशय जातो. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या देठापाशी एकाच ठिकाणी मिळतात, म्हणून बिघाड मानेत आणि ठणका भुवईवर असं घडतं. जबड्याचंही तसंच. गालातला चावण्याचा स्नायू आखडला की दुखणं दाढेत उमटतं, आणि चांगली दाढ उगीच उपटली जाते.

जबडा खरंच तपासला का हे ओळखायची एक साधी खूण आहे: फिजिओनं हातमोजा घातला का? गालाचा स्नायू बाहेरून अर्धाच कळतो. मोजा घातलेलं बोट गालाच्या आतून आणि अंगठा बाहेरून, अशा चिमटीत तो धरला की दुखरी गाठ नेमकी सापडते. तिथं अर्धा-एक मिनिट हलका दाब देऊन ती सोडवतात. दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून सांधा सरकताना कुठं अडकतो तेही बघतात. नुसता टक् आवाज येतो पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडतं, तर त्याला उपचार लागत नाही; असं सांगून घरी पाठवणारा फिजिओ भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

या वाटेचे तोटेही मोठे आहेत. लांब जावं लागतं, नंबर आधी घ्यावा लागतो, एका भेटीचे पैसे जास्त. हात लावल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकतं. आणि सगळ्यात मोठी तक्रार घरातूनच येते: ‘नुसता व्यायाम सांगितला अन् एवढे पैसे घेतले?’ मशीन दिसत नाही तिथं उपचार झाल्यासारखं वाटत नाही. पण 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन्डोलेन जल यांच्या गटानं मानेमुळं डोकं दुखणाऱ्या 200 जणांवर केलेल्या चाचणीत हातानं केलेले उपचार आणि ठरावीक व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. माझा अनुभव त्याच्या जवळ जातो, एवढंच म्हणतो.

व्यायाम दिसायला पोरखेळ आहे, म्हणून चुकतोही लवकर. मानेचा असा: उताणं झोपायचं, डोक्याखाली पातळ घडी, आणि ‘हो’ म्हणताना हनुवटी जेवढी हलते तेवढीच गळ्याकडं आणायची. डोकं उचलायचं नाही. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. एक बोट मानेच्या बाजूच्या जाड स्नायूवर ठेवा, कानामागून गळ्याच्या हाडाकडं येतो तो. तो दोरीसारखा ताठ झाला की समजायचं जोर जास्त लागला. आतले बारीक स्नायू काम सोडून बसले आणि बाहेरचे राबताहेत. शहरात काही ठिकाणी मानेखाली हवेची पिशवी ठेवून 20 च्या दाबावरून 22, 24 असं 30 पर्यंत न्यायला शिकवतात. घरी बोटावरही भागतं.

जबड्यासाठी चिलीच्या रोकाबादो यांची पद्धत बहुतेक फिजिओ थोड्याफार फरकानं शिकवतात: सहा हालचाली, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. त्यातलं मुख्य असं. जिभेचं टोक ‘न’ म्हणताना टाळूला लागतं तिथं ठेवायचं, आणि ते सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं. आरशावर खडूची उभी रेघ ओढा. हनुवटी रेघेवरून सरळ उतरली पाहिजे. बाजूला सरकायला लागली की तिथंच थांबून परत. जास्त उघडलं की जास्त गुण, असा हिशेब इथं चालत नाही. पूर्ण उघडायला गेलं की सांधा पुढं सरकतो आणि दुखणं वाढतं. बाकी दिवसभर ओठ मिटलेले आणि दात एकमेकांपासून सुटे. भरलेला 16 लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेतला की दात आवळतातच, आणि पट्टा नेमका मानेकडच्या स्नायूवर बसतो. पंप निम्मा भरून दोन फेऱ्या जास्त माराव्या, पट्ट्याखाली घडी घालावी. दुखत असेल तोवर ऊस दातानं सोलणं बंद, फुटाणे बंद, भाकरी कालवून मऊ करून खायची. गरम पाण्यात पिळलेला पंचा गालाला पंधरा मिनिटं. त्याला मशीन लागत नाही.

रात्री दात खाण्याची सवय असेल तर दातांच्या डॉक्टरकडून माप घेऊन बनवलेली, झोपताना दातांवर बसवायची कडक पट्टी घ्यावी. दुकानातली मऊ पट्टी काही जण आणखीच चावत बसतात.

कटिंगनंतर न्हाव्याकडून मान कडकडा मोडून घेणं मात्र दोन्ही वाटांना सारखंच घातक. मणक्यातून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यात फाटू शकते. फिजिओही पहिल्याच भेटीत, तपासल्याशिवाय मान मोडायला निघाला तर उठून यावं.

पैशाचं गणित ज्याचं त्यानं करावं. तिकीट, मजुरी बुडणं, सोबतीला येणाऱ्याचा दिवस हे धरलं की दहा स्वस्त फेऱ्या चार महाग भेटींच्या आसपास येतात. बाईमाणसाला एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट. त्यानं लांबची वाट थोडी सोपी होते. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि संभाजीनगरच्या घाटीची शासकीय रुग्णालयं हा आणखी एक पर्याय, फक्त गर्दीची तयारी ठेवून जावं.

मग मशीन कुणी निवडावी? मान कालच आखडली आहे आणि हातही लावू देत नाही, त्यानं दोन-तीन दिवस जवळच शेक-करंट घेऊन मोकळं व्हावं. त्यासाठी शहर गाठायची गरज नाही. ज्याच्याकडून घरी व्यायाम होणारच नाही हे घरच्यांना माहीत आहे, त्यानंही. पेसमेकर असेल, पोटुशी बाई असेल तर मात्र कुठलंही पॅड लावण्याआधी सांगा, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड कुणालाच लावू देऊ नका. टेन्स नावाचं, पॅडमधून करंट देणारं बॅटरीवरचं छोटं मशीन घरी घेतलं तर करंटचा बराचसा आराम प्रवासाशिवाय मिळतो. फिजिओकडून पॅडची जागा पेनानं आखून घ्यायची.

शहरात नंबर लावताना फोनवरच तीन गोष्टी विचारा. जबडा आतून तपासता का? दर भेटीला तोंड आणि मान मोजून लिहून ठेवता का? व्यायाम करतानाचा व्हिडिओ माझ्या फोनवर काढू द्याल का? तिसऱ्याला ‘हो’ मिळालं तर पुढच्या फेऱ्या कमी होतात, कारण घरी चुकतं कुठं ते व्हॉट्सअपवर दाखवता येतं. फिजिओथेरपीची बीपीटीएच पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. नसेल तर मागायला संकोच करू नका. तीन-चार आठवडे व्यायाम नीट करूनही तोंड एक मिलिमीटर जास्त उघडलं नाही, मान तेवढीच वळते आणि डोकं तेवढंच दुखतं, तर त्याच फिजिओला पुढं कुणाला दाखवायचं ते विचारा.