बायोडिझेल बर्नरची ‘न जळणारी’ वात: सोलापूरकरांनो, जपून

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एक जण टेम्पोतून बायोडिझेलवर चालणारे वातीचे बर्नर विकत होता. “ग्लास फायबरची वात आहे साहेब, जन्मात जळणार नाही.” आमचा कडक भाकरीचा धंदा, म्हणून बर्नर आणि जादा वाती घेतल्या. 4,800 रुपये गेले. पावती मागितली तर म्हणाला, मग जीएसटी लागेल.

त्याचा डेमो मात्र बघण्यासारखा होता. टाकी काठोकाठ भरलेली, काडी लावताच ज्योत भपकन उभी. लबाडी तिथेच होती. बायोडिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ काडीने पेट घेते ते तापमान, 100 अंशांच्या वर असतो. ते काडीला असं झटकन धरत नाही, वात तापेपर्यंत दम धरावा लागतो. त्याच्या टाकीत रॉकेल मिसळलेलं असणार, वासही तसाच होता.

काठोकाठ टाकीचीही एक मेख आहे. बायोडिझेल रॉकेलपेक्षा दुपटी-तिपटीने घट्ट, त्यामुळे वातीतून सावकाश चढतं. टाकी भरलेली असली की चढण बोटभर. पातळी उतरली की तेल वर पोचेपर्यंत ज्योत तहानलेली राहते आणि तेलाऐवजी वातच जळायला लागते. आमच्याकडे हेच झालं. टाकी निम्मी होते न होते तोच वातीच्या टोकावर काळी खपली, तव्याला काजळी, भाकरीला धुराचा वास.

शेजारच्या अण्णांची हयात टॉवेलच्या मागावर गेलेली. त्यांनी वातीचा एक धागा उसवून काडीवर धरला. वरचा पदर कागदासारखा जळून राख झाला, म्हणजे सूत. आतला आक्रसून त्याची कडक गोळी झाली, म्हणजे पॉलिस्टर. काच पेट घेत नाही. सुताच्या गावात सुतात फसवायचं धाडस बघा!

घ्यायचाच असेल तर आपलं तेल घेऊन जा, टाकी निम्मीच भरा आणि अर्धा तास पेटता ठेवायला सांगा. टाकी उथळ आणि पसरट हवी, किंवा पातळी कायम राखणारी बाजूची बाटली हवी. रबरी वॉशर कसला तेही विचारा. साधं रबर बायोडिझेलमध्ये फुगतं, मग गळती सुरू होते.

नंबर बंद आहे. टेम्पो आता पंढरपूरकडे दिसतो म्हणतात. आषाढीच्या खानावळवाल्यांनी हे वाचलं तर बरं.