परदेशात ट्रेनची तिकिटं आपल्या भारतीय कार्डांवर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ठाण्यात कोणालाही सांगा युरोपात चाललोय, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "युरो काय भावाने घेतलास?" सासरे, शेजारचे काका, ऐरोलीच्या ऑफिसातले निम्मे लोक, सगळ्यांनी हेच विचारलं. कामासाठी काही महिने जर्मनीत डुसेलडॉर्फला होतो, वीकेंडला नेदरलँड्स, एकदा स्वित्झर्लंड, आईबाबा आणि बायको आली तेव्हा पॅरिस, आणि या सगळ्यात ट्रेनची तिकिटं आपल्याच कार्डांवर काढली. आता मला कोणी विचारलं तर सांगतो, भावात मागेपुढे झालं तर शंभराच्या तिकिटामागे दोन-चार युरो जातात, ओटीपी आला नाही तर तिकीटच निघत नाही आणि गाडी डोळ्यांदेखत सुटते. त्यामुळे हा रिव्ह्यू भावापेक्षा ओटीपीचा जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझ्याकडे होतं आधीच युरो भरून ठेवलेलं एक प्रीपेड फॉरेक्स कार्ड, एक साधं क्रेडिट कार्ड आणि नंतर घेतलेलं एक झिरो मार्कअपवालं क्रेडिट कार्ड, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक वरचे टक्के लावत नाही असं. बँकांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. रुपे डेबिट कार्डही पाकिटात होतं पण तिकडे ते डिस्कव्हर-डायनर्सच्या नेटवर्कवर चालतं आणि ट्रेनच्या गेटवर व्हिसा-मास्टरकार्डशिवाय फारसं कोणी ओळखत नाही, सो ते पाकिटातच राहिलं.

पैशाचं आधी संपवून टाकतो. साध्या क्रेडिट कार्डाला बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप लावतात, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर शंभर युरोच्या तिकिटावर ४१३ रुपये जास्तीचे. फॉरेक्स कार्डात हे नसतं पण त्याची कसर लोड करतानाच काढतात, गूगलवर दिसणारा रेट आणि काउंटरवर मिळणारा रेट यातला फरक हीच त्यांची कमाई. गोखले रोडला मनी चेंजरकडे गेलात तर घासाघीस चालते, बँकेत ती सोय नाही. शिवाय लोड करताना जीएसटी लागतो, एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, पण कमीत कमी ४५ रुपये. म्हणजे लाख रुपये एकदम टाकले तर १८० रुपये आणि दहा हजार टाकले तरी ४५. वर बँकेची रीलोड फी वेगळी. त्यामुळे दर आठवड्याला थोडे थोडे टाकत बसण्यात काही अर्थ नाही, टाकायचे तर एकदाच टाका. आणि कोणीतरी व्हॉट्सॲपवर टीसीएसची, म्हणजे परदेशासाठी पैसे घेताना आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या टॅक्सची, भीती घालेलच, तर ती मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला ७ लाखांवरून १० लाख झालीये, साधी फॅमिली ट्रिप असेल तर तिथपर्यंत आपण पोचतच नाही.

आता मुद्द्याचं.

युरोपात ऑनलाइन पेमेंटला दोन टप्प्यांची खात्री करायचा कायदा आहे, त्यामुळे तिथल्या रेल्वेच्या ॲपवर आपलं कार्ड टाकलं की ते बहुतेक वेळा आपल्या बँकेच्या पानावर पाठवतं, आणि आपली बँक म्हणजे एसएमएस. तो एसएमएस मुंबईहून निघून जर्मनीत रोमिंगवर असलेल्या आपल्या सिमवर यायचा. कधी पाच सेकंदात येतो, कधी तिकिटाचं पान टाइमआउट झाल्यावर दोन एकदम येतात आणि त्यातला कुठला कशाचा ते कळत नाही. माझ्या साध्या क्रेडिट कार्डाचं हेच रडगाणं होतं, विशेषतः चालत्या गाडीत, कारण शहर सोडलं की नेटवर्क येतं-जातं. फॉरेक्स कार्डाचा ओटीपी मात्र एसएमएसबरोबर ईमेललाही येत होता आणि खरं सांगू का, त्या एका गोष्टीसाठी मी त्याचा वाईट रेट माफ केला. स्टेशनच्या वायफायवरसुद्धा मेल येते, सिम झोपलेलं असलं तरी चालतं. कार्ड घेताना ब्रांचमध्ये भावाच्या आधी हेच विचारा, ओटीपी मेलवर येतो का, किंवा बँकेच्या ॲपमध्ये अप्रूव्ह करता येतो का. काउंटरवरच्या मुलाला बहुतेक माहीत नसतं, तो आत जाऊन विचारून येतो, येऊ दे.

भारतातलं सिम घरी ठेवून जाऊ नका हे वेगळं सांगायला नको, पण एक मित्र ठेवून गेला होता आणि त्याची बायको ठाण्याहून त्याला ओटीपी वाचून दाखवायची, इथे रात्रीचे दोन आणि तिकडे हा प्लॅटफॉर्मवर. दोन सिमचा फोन घ्या, एक लोकल ईसिम डेटाला, आपलं सिम फक्त मेसेजला, त्याचा डेटा बंद. आणि निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस हे तिन्ही वेगवेगळे सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर हे बंदच येतं, चांगला नियम आहे, पण सोमवारी सकाळी ट्रामच्या दारात ते आठवून उपयोग नाही.

तर यातून मी काय शिकलो, जिथे कार्ड हाताने लावता येतं तिथे ओटीपीचा प्रश्नच नाही. जर्मन स्टेशनांवरच्या लाल मशीनला इंग्लिश भाषा आहे, चिप घालायची, पिन टाकायचा, तिकीट बाहेर. क्रेडिट कार्डाचा पिन पाठ हवा बस. आपल्याकडे लोकलच्या तिकिटाच्या एटीव्हीएम मशीनसमोर जसा एक रिटायर्ड काका मदतीला उभा असतो तसं तिकडे कोणी नाही, तेवढंच. एक काळजी मात्र घ्या, परदेशात कुठेही मशीन किंवा वेबसाइट विचारते, रुपयात भरायचं की युरोत? रुपयात दिसलं की आपल्याला बरं वाटतं, बाबा तर पटकन रुपयावरच बोट ठेवणार होते. नेहमी युरो. रुपयाचा रेट ते लोक त्यांच्या मनाने लावतात, आणि फॉरेक्स कार्ड असेल तर युरोचे रुपये आणि रुपयांचे परत युरो असा दुहेरी मार बसतो.

जर्मनीत कागदी लोकल तिकीट काढलं की बऱ्याच ठिकाणी ते छोट्या मशीनमध्ये पंच करावं लागतं. गेट वगैरे काही नाही, कोणी अडवत नाही, पण साध्या कपड्यातले टीसी येतात आणि विनातिकीट म्हणजे ६० युरो. पैसे भरलेत पण पंच केलं नाही हे कारण चालत नाही.

पासाचं सांगायचं तर डॉइशलँड टिकेट ही जबरदस्त गोष्ट आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. महिनाभर अख्ख्या देशातल्या लोकल, ट्राम, बस, मेट्रो, रिजनल गाड्या, फक्त आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या सोडून. आपल्याकडे फर्स्ट क्लासच्या पासासाठी हिशोब करणाऱ्या माणसाला हे स्वप्न वाटतं. पण पेमेंटमध्ये गंमत आहे, हे सबस्क्रिप्शन आहे आणि बरेच विक्रेते ते फक्त युरोपातल्या बँक खात्यातून आपोआप पैसे कापून देतात, भारतीय कार्ड घेतच नाहीत. काही विक्रेत्यांच्या ॲपवर क्रेडिट कार्ड चालतं, शोधावं लागतं, मला ऑफिसातल्या एका तेलुगू मुलाने दाखवलं. आणि बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही कापतात. कार्डावर असे दर महिन्याला आपोआप कापणारे पैसे म्हणजे फॉरेक्स कार्डात बॅलन्स ठेवायची वेगळी कटकट, म्हणून पास मी झिरो मार्कअपवाल्या क्रेडिटवरच ठेवला.

नेदरलँड्समध्ये मात्र मजा आली. डुसेलडॉर्फहून सीमेवरच्या डच व्हेनलोपर्यंत जर्मन पास चालतो, तिथे उतरायचं, डच गाडीसाठी गेटवर आपलं बँकेचं कार्ड टॅप करायचं, चढायचं. ना ॲप, ना तिकीट, ना ओटीपी. २०२३ पासून तिथे देशभर ट्रेन, बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे हे चालतं. उतरताना त्याच कार्डाने परत टॅप, आणि मधे दुसऱ्या कंपनीची गाडी पकडली तर आधीच्यातून बाहेर, नवीनमध्ये आत, असं दोनदा. पैसे लगेच कापत नाहीत, दिवसभराचे एकत्र करून नंतर एकच एन्ट्री येते, त्यामुळे फॉरेक्स कार्डात शेवटचे चार युरो उरलेत आणि आपण टॅप करत सुटलोय असं करू नका, पैसे वसूल झाले नाहीत की ते कार्ड गेटवर ब्लॉक होतं आणि आधी वेबसाइटवर जाऊन बाकी भरावी लागते. लंडनलाही हेच गणित आहे म्हणे, तिथे २०१४ पासून ट्यूबमध्ये कार्ड टॅप चालतं. माझा मामेभाऊ तिथे असतो, तो सांगतो की जाताना कार्ड आणि येताना त्याच कार्डाचं फोनमधलं रूप वापरलं तरी सिस्टिम दोन वेगळी कार्डं समजते आणि दोन्हीवर जास्तीत जास्त भाडं लावते. आईबाबा सोबत असतील तर प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर चौघांना आत घ्यायची सोय नाही. हा मुद्दा फॅमिलीवाल्यांनी लक्षात ठेवा, ॲड-ऑन कार्डं आधीच काढून ठेवा.

पॅरिसला मला वाटलं इथेही टॅप होईल, पण मेट्रोच्या गेटला बँकेचं कार्ड चालत नव्हतं. माणशी दोन युरोचं एक नाविगो ईझी कार्ड घ्यायचं, त्यात मशीनवर तिकिटं भरायची. जानेवारी २०२५ मध्ये मेट्रोचं तिकीट सरसकट अडीच युरो केलं (२०२६ पासून २.५५), झोनचा गोंधळ गेला, ते बरं झालं. बाबा सारखे विचारत होते, "अरे इथे यूपीआय चालतं ना, पेपरात आलं होतं." ते आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी होतं, २०२४ मध्ये सुरू झालं, मेट्रोच्या मशीनला त्याचा पत्ता नाही. त्यांना ते काही पटलं नाही.

स्वित्झर्लंडबद्दल एकच. फॉरेक्स कार्डात युरो आणि तिकीट फ्रँकमध्ये, तर क्रॉस करन्सीचा चार्ज लागतो आणि फॉरेक्स कार्डाचा सगळा फायदा तिथेच संपतो. तिथे झिरो मार्कअप क्रेडिट वापरा किंवा कार्डात फ्रँकचं वेगळं वॉलेट भरा. तिकिटं इतकी महाग आहेत की तिकिटं अर्ध्या भाड्यात देणारं हाफ फेअर कार्ड घेतलं नाही तर मार्कअपचा विचार करण्यात काही राम नाही. आणि अनेक देशांत चालणारा युरेल पास घेणाऱ्यांसाठी, पास घेतला म्हणजे पैसे भरून संपले असं नसतं, फ्रान्सच्या टीजीव्हीला आणि इटलीच्या फास्ट गाड्यांना सीट रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे आणि त्यासाठी परत तोच कार्ड-ओटीपीचा खेळ. ते हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री उरकून टाका.

रिफंडचा फरक कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. गाडी रद्द झाली, जर्मनीत हे आपल्या कल्पनेपेक्षा बरंच होतं, तर फॉरेक्स कार्डावर पैसे युरोतच परत येतात, जेवढे गेले तेवढे. क्रेडिट कार्डावर त्या दिवसाच्या रेटने येतात आणि कापलेला मार्कअप परत मिळत नाही. त्यामुळे महागडं, बदलू शकणारं लांबचं तिकीट मी फॉरेक्सवर काढायचो, रोजची फुटकळ क्रेडिटवर. यात वाद होऊ शकतो, कारण क्रेडिटवर काही झोल झाला तर निदान तक्रार करून बिल थांबवता येतं आणि फॉरेक्समधून पैसे आधीच गेलेले असतात. तरी मी हेच करेन.

मधे आमच्या जर्मन ऑफिसातला एक जण ऐरोलीला आला होता, त्याला ठाण्याला लोकलने जायची हौस. लोकलच्या तिकिटाच्या यूटीएस ॲपला तेव्हा भारतीय नंबर लागायचा, तो नाही. क्यूआर आहे पण यूपीआय नाही. परदेशी लोकांसाठी यूपीआय वन वर्ल्ड २०२३ मध्ये आलंय, पण ते आधी कुठेतरी केवायसी करून घ्यावं लागतं, स्टेशनवर उभं राहून होत नाही. शेवटी खिडकीवर थोड्याशा रुपयांसाठी याने पाचशेची नोट काढली आणि आतल्या बाईंनी ज्या नजरेने पाहिलं त्याला तोड नाही. मी सुट्टे दिले. परदेशी माणूस कुठलाही असो, त्याची ट्रेन पेमेंटला अडते ती अशीच.

परत आल्यावर फॉरेक्स कार्डात काही युरो उरले. नियमाप्रमाणे परतल्यापासून १८० दिवसांत उरलेलं परकीय चलन परत करायचं असतं, पण २,००० डॉलरपर्यंतचं पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतं, म्हणून आधी म्हटलं राहू दे. मग चार्जेसची यादी नीट वाचली तर कार्ड बरेच महिने वापरलं नाही तर इनॲक्टिव्हिटी फी. थोडेच युरो, ते फीमध्येच संपले असते. ते रुपयात करून घेतले, परत घेतानाचा रेट लोड करतानापेक्षा कमीच असतो, आणि हे काम माझ्या बँकेच्या ॲपवर होत नाही, शनिवारी ब्रांचमध्ये जाऊन फॉर्म भरावा लागला. दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो तेवढं बघून जा.