मागच्या सीटचं हॅमॉक कव्हर, हार्नेस आणि पट्टा: मुंबईचा उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

गाडी हॅचबॅक, कुत्रा लॅब्रॅडॉर, वजन 28 किलो. वस्तू तीन: मागच्या सीटवर झोळीसारखं लटकणारं हॅमॉक कव्हर, छातीचा हार्नेस, आणि हार्नेस गाडीला अडकवणारा छोटा पट्टा. वापर मुख्यतः शहरातला, मधूनमधून एक्स्प्रेसवेने लोणावळा-पुणे. निकाल आधीच सांगून टाकतो. कव्हर सीट सांभाळतं, कुत्र्याला नाही. कुत्र्याला सांभाळतो तो हातभर पट्टा, आणि नेमका तोच बहुतेक वेळा कव्हरसोबत फुकट येतो.

फुकटच्या पट्ट्याचा हूक हातात घेऊन बघा. हलक्या मिश्रधातूचा, किल्ल्यांच्या जुडग्याला शोभेल असा. आता हिशेब: 50 च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 28 किलोच्या कुत्र्याचा ओढा सुमारे 400 किलोच्या घरात जातो. एवढ्याला तो हूक उघडतो किंवा तुटतो. त्यामुळे पट्टा वेगळा विकत घ्यावा: सीटबेल्टसारख्या जाड विणीचा, शिवण चौकटीत आणि आत फुली मारलेली, हूक स्टीलचा आणि लॉकवाला. खोक्यावर ‘क्रॅश टेस्टेड’ असेल तर चाचणी कुणी केली, किती वेगाला, किती वजनाच्या डमीवर, हे शोधा. ते लिहिलेलं नसेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही.

अडकवायचा कुठे? बाजारात दोन प्रकार. एकाच्या टोकाला सीटबेल्टची जीभ असते, ती बकलमध्ये खटकन बसते. सोपं आहे, पण जिभेची रुंदी सगळ्या गाड्यांना सारखी नसते. सैल बसली तर खटका पूर्ण लागत नाही, आणि ओढून पाहिल्याशिवाय ते कळतही नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी: कुत्रा उठताना-बसताना बकलच्या लाल बटणावर पाय देतो आणि पट्टा सुटतो. त्यावर बकलला टोपी मिळते, ती जरूर लावा. दुसरा प्रकार आयसोफिक्सच्या, म्हणजे लहान मुलांची सीट अडकवायच्या, लोखंडी कडीला अडकतो. सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत बोटं घातली की ती कडी लागते, थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. आमचं मत याच्याच बाजूने. एकच कटकट: काही नव्या गाड्या मागच्या सीटवर वजन दिसलं की बेल्टसाठी बीप करत राहतात. मग रिकाम्या सीटचा बेल्ट कुत्र्याच्या मागून नेऊन बकलमध्ये लावून टाकायचा.

लांबी अशी ठेवा की कुत्र्याला बसता येईल, आडवं होता येईल, पण सीटच्या कडेपलीकडे तोंड जाणार नाही. जास्त ढील दिली तर पट्टा पुढच्या पायात गुंडाळला जातो, शिवाय ब्रेक लागल्यावर कुत्रा आधी हवेत जातो आणि मग झटका बसतो. रबरी ताण असलेले पट्टे सिग्नलवरच्या बारीक झटक्यांना छान, मोठ्या धक्क्याला मात्र तेवढेच जास्त लांबतात. आणि गळ्यातल्या पट्ट्याला काहीही अडकवायचं नाही, पाच मिनिटांच्या अंतरालाही नाही. सगळा झटका मानेवर येतो.

हार्नेस घेताना पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, ‘लॅबला एल’ असं सांगून घेऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको. छातीवर रुंद, गादी असलेला भाग हवा आणि कडी पाठीवर. ओढू नये म्हणून छातीवर कडी असलेले हार्नेस फिरायला ठीक, गाडीत नकोत. प्लास्टिकच्या बकलवर सगळा भार येईल अशी रचना असेल तर सोडून द्या. काखेत घासून केस जातात तिकडे आठवड्यातून एकदा बोट फिरवून बघावं, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता कव्हर. कापड जाड, नखांना पुरून उरलं, इथे तक्रार नाही. तक्रार हवेची आहे. हॅमॉक पुढच्या दोन सीटच्या पाठीवर चढतं आणि मधली पोकळी पूर्ण बंद करतं, म्हणजे मागचे एसीचे झरोके त्याच्या पलीकडे राहतात. पुढे बसलेल्याला थंडी वाजते आणि मागे कुत्रा धापा टाकतो. जाळीची खिडकी असलेलंच कव्हर घ्या, आणि ती झरोक्यांच्या समोर येते का ते गाडीत लावून बघा. आमच्यात ती चार बोटं वर येते, म्हणून मे महिन्यात एका बाजूचे वरचे पट्टे काढून तो कोपरा खाली पाडावा लागतो.

मुंबईत हा मुद्दा शोभेचा नाही. कुत्रा स्वतःला थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून. दमट हवेत ते नीट उडत नाही. पग, बुलडॉग, शित्झूसारख्या चपट्या नाकाच्यांना तर दुप्पट त्रास. उन्हातल्या बंद गाडीत 10 मिनिटांत तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे 10 अंशांनी चढतं, काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘मेडिकलमधून पटकन येतो’ हे कुत्र्याला गाडीत ठेवून करायचं काम नव्हे. निघण्याआधी दारं उघडून पाच मिनिटं एसी लावा, सीटचा तळ हाताने तपासा.

हॅमॉकचा तळ पायांच्या जागेवर लोंबतो. ब्रेक लागला की कुत्र्याचा पाय तिथे जातो आणि तो घसरतो. खाली घट्ट भरलेली बॅग किंवा दुमडलेली सतरंजी ठेवली की प्रश्न मिटतो. कव्हर जागेवर राहावं म्हणून सीटच्या फटीत घुसवायच्या प्लास्टिकच्या नळ्या कुत्र्याने उडी मारली की बाहेर येतात. त्यामागे गुंडाळलेला जुना टॉवेल ठोसला की राहतात.

बोरघाटाआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी थोडं थोडं चालेल. तरी उलटी होत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच, माणसांच्या डब्यातली नाही. लाळ गळणं, सारखे ओठ चाटणं, जांभया ही आधीची चिन्हं. ती दिसली की घाटात वेग आणखी उतरवा, खालापूरला दहा मिनिटं फिरवा. काचांचं लॉक मात्र कायम चालू ठेवा. दाराच्या बटणावर पंजा पडून काच खाली गेली की मुंडकं बाहेर येतं.

पावसाळ्यात कव्हरची पाणी अडवणारी बाजू उलटी वैरी होते. ओला कुत्रा बसला की कडेने पाणी आत शिरतं, खालच्या सीटला वारा मिळत नाही, आणि चार दिवसांत फोमला बुरशीचा वास. त्यामुळे रात्री कव्हर काढून दोरीवर टाकायचं, सीट उघडी ठेवायची. धुवायला सौम्य साबण पुरे. फिनाईल वापरू नका, कुत्रा ते चाटतो. स्टीलच्या नावाखाली मुलामा दिलेला हूक इथल्या खाऱ्या हवेत तांबूस होऊ लागतो. त्याची स्प्रिंग बोटाने सोडल्यावर आपोआप बंद होत नसेल, तर तेल घालत बसू नका, बदला.