१५ वर्षांच्या गाडीवर ८४ हजार घातले, त्याला आता ११ महिने झाले

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर देवरुखहून सासरवाडी करून परत येत होतो. साखरपा सोडलं, आंबा घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला टेंपरेचरचा काटा जो वर गेला तो खाली यायलाच तयार नाही. रात्रीचे नऊ. हीटर फुल लावून काचा खाली घेतल्या (हा जुना उपाय, इंजिनची गरमी आत येते आणि थोडा वेळ मिळतो), पण तोवर बॉनेटमधून वाफ यायला लागली होती. पाऊण तास गाडी बाजूला लावून बसलो, पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या रेडिएटरमध्ये गेल्या, आणि बायको एकच वाक्य बोलली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येणार."

तर ही गाडी म्हणजे २००९ डिसेंबरची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, पहिल्यापासून माझ्याच हातात, रनिंग १ लाख ३२ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर गाडीचा विषय राहतो बाजूला आणि लोक कंपनीवरून भांडत बसतात. आणि इथं सांगतोय ते कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला लागू आहे.

योगायोग असा की डिसेंबरात पासिंगही (नोंदणीची १५ वर्षांची मुदत) संपत होतं. म्हणजे निर्णय टाळायची सोयच नव्हती. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी तर जाहीरच केलं की १५ वर्षं झाली की गाडी स्क्रॅपला द्यावी लागते, सरकारचा नियम आहे. अहो काका, तो प्रकार दिल्लीकडचा. तिकडं १५ वर्षांच्या पेट्रोल आणि १० वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीचं प्रकरण आहे. आपल्याकडं खासगी गाडी आरटीओत दाखवून रिपासिंग होतं आणि पुढची ५ वर्षं मिळतात. हे एवढं माहीत नसल्यामुळं कितीतरी लोक चांगल्या गाड्या मातीमोल भावानं देऊन टाकतात आणि घेणारा एजंट त्याच गाडीचं पासिंग करून वर ४० हजार मिळवतो.

आधी मी जुनीतच जरा नवी बघूया म्हणून फिरलो. बजेट साडेचार लाख. एका डीलरकडं २०१८ ची गाडी होती, ४१ हजार रनिंग, पांढरी, आतून नुसता सेंटचा वास. चार लाख पस्तीस. मला खरं तर आवडली होती, बायकोलाही. पण आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी निघताना सांगितलं होतं की काही बघू नको, फक्त मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ. ओढला. पहिला हातभर पट्टा काळाभोर स्वच्छ, आणि त्याच्या पुढं जिथं तो रिळात गुंडाळलेला असतो तिथं मातकट पिवळी रेघ, आडवी, अगदी पट्टी लावून मारल्यासारखी. मग स्टेपनी उचलली. खालच्या खड्ड्यात कोपऱ्याला बारीक गाळ, वाळलेला, बोटानं चोळला तर पीठ. सीटच्या खालचे रूळ गंजलेले. डीलरला विचारलं तर म्हणतो, चहा सांडला असेल कुणाचा तरी. स्टेपनीत चहा!

म्हणजे गाडी पुरात बुडालेली, कोल्हापूरवाल्यांना हे सांगायला नको. २०१९ ला आणि परत २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दसरा चौक पाण्यात होतं, किती गाड्या बुडाल्या त्या सगळ्या काय भंगारात नाही गेल्या. धुवून, पुसून, सेंट मारून कुठं ना कुठं विकायलाच लागल्या. बुडालेल्या गाडीचं इंजिन एकवेळ नीट होतं पण वायरिंगचे कप्लर (जोड) आतून हिरवे पडत जातात आणि दोन-तीन वर्षांनी एकेक करून खेळ सुरू होतो, आज पॉवर विंडो, उद्या मीटर, परवा गाडी चालूच नाही. त्यामुळं जुनी गाडी घेताना पट्टा ओढा, स्टेपनी उचला, ब्रेक पेडलचा रबर बघा (४० हजारात रबर गुळगुळीत होत नाही), आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेवढं बघा. बाकी पॉलिश बघून काही कळत नाही.

मग नवी. साधी बारकी हॅचबॅक, तेव्हा एक्स-शोरूम सहा लाख धरा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ६६ हजार तिथंच. इन्शुरन्स आणि बाकी किरकोळ धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांच्या वर. दोन लाख रोख आणि पाच लाख कर्ज, ९ टक्क्यांनी ५ वर्षं, हप्ता १० हजार ३७९. शोरूममधल्या पोरानं हा आकडा मोबाईलवर दाखवला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ते ६६ हजार फिरत होते. म्हणजे नव्या गाडीचा नुसता टॅक्स जेवढा, जवळजवळ तेवढ्यात माझी अख्खी गाडी उभी राहते की.

आता सगळेजण एक हिशेब सांगतात की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला की गाडी काढा. मला हा हिशेब कधीच पटलेला नाही. माझ्या गाडीला बाजारात ८०-९० हजार मिळाले असते. त्या हिशेबानं चार टायर, क्लच, शॉकअप घातले की संपला विषय, प्रत्येक १५ वर्षांची गाडी काढायलाच पाहिजे. पण मला गाडी विकायचीच नाहीये, तर तिची विकायची किंमत घेऊन मी काय करू? मला बघायचंय की ती पुढं किती चालणार आणि महिन्याला किती खाणार.

आणि चालणार किती ते ठरतं पत्र्यावर. हे मला मिस्त्रींनी दाखवलं, नुसतं सांगितलं नाही. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे, गाडी रॅम्पवर घेतली, हातात एक जुना स्क्रू ड्रायव्हर, आणि खालून ठिकठिकाणी त्याचं मागचं टोक आपटत गेले. टण, टण, टण. ड्रायव्हरच्या पायाखाली आले आणि आवाज बदलला, ठप्प. परत मारलं तर टोक सरळ आत. भोक. माझं तोंडच पडलं. पण त्यांनी पुढं चासीचे दोन्ही पाय (गाडीचा भार घेणारे खालचे लांब पत्रे), सस्पेंशन जिथं बसतं त्या जागा, सगळं वाजवून बघितलं आणि म्हणाले, "फ्लोअर गेलाय, तो कापून नवा बसवता येतो. हे पाय गेले असते तर तुम्हाला आजच सांगितलं असतं, काढा म्हणून. इंजिन कितीदा पण बांधता येतं साहेब, पत्रा नाही." मी तिथंच ठरवलं.

खर्च सगळा लिहून ठेवलाय. तापायचं कारण हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) निघालं, हेड उतरवून लेथवर फेसिंग म्हणजे सपाट करणं, व्हॉल्व्ह सील वगैरे धरून १४,०००. रेडिएटर, वॉटर पंप आणि होज पाइप ७,२००. क्लच पूर्ण सेट मजुरीसकट ९,३००. चारही शॉकअप, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड १६,५००. फ्लोअरचं पत्रा काम आणि खालून अँटी-रस्ट ११,०००. टायर १४,४००, बॅटरी ४,२००. झाले ७६,६००. वर रिपासिंगची फी ५ हजार (एप्रिल २०२२ च्या आधी ही फक्त ६०० होती, तो राग वेगळा) आणि जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स ३ हजार. म्हणजे ८४,६००. गाडी गॅरेजला १९ दिवस, त्यातले सहा दिवस एका बारक्या पार्टची वाट बघण्यात.

आरटीओचं काम वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. रिपासिंगचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून भरता येतो, ऑनलाइन. शेवटच्या आठवड्यात पळू नका, उशीर झाला की गाडीला महिन्याला ५०० दंड लागतो. इन्स्पेक्शनला नेताना एकच लक्षात ठेवा, गाडीच्या पत्र्यावर कोरलेला चासी नंबर. माझा नंबर गंजानं आणि १५ वर्षांच्या मळीनं इतका झाकला होता की आदल्या दिवशी डिझेल लावून तारेच्या ब्रशनं अर्धा तास घासला तेव्हा कुठं आकडे दिसले. बाकी लाइट, हॉर्न, वायपर, इंडिकेटर. माझ्या पुढच्या माणसाची नुसती मागची नंबरप्लेटची लाइट लागत नव्हती म्हणून परत पाठवला.

आता ११ महिन्यांचं. रनिंग झालं ९,४०० किलोमीटर. घाट पाच वेळा चढलो, त्यातला एकदा मे महिन्यात भर दुपारी एसी लावून, काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. ॲव्हरेज आधी १३ पर्यंत आलं होतं ते साडेपंधरा मिळतंय. सस्पेंशनचा फरक तर एवढा आहे की पहिल्या दिवशी स्पीड ब्रेकरवरून गेल्यावर मी मागं वळून बघितलं, आवाज कसा आला नाही म्हणून.

पण सगळं गोड नाही. एप्रिलमध्ये एसीचा कंडेन्सर लीक झाला, ५,८००. पावसाळ्यात पुढच्या एका चाकाचं बेअरिंग घुमायला लागलं, २,१००. ऑगस्टमध्ये सेल्फ स्टार्टर गेला आणि त्याच वेळी पेट्रोलचा रबरी पाइप कडक होऊन तडकलेला सापडला, मिस्त्रींच्या मते हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळं, खरं-खोटं त्यांनाच माहीत, पण २००९ च्या गाडीचे रबर त्या हिशेबानं बनवलेले नाहीत एवढं नक्की, दोन्ही मिळून २,४००. म्हणजे वर अजून १०,३००. शिवाय नवीन नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी, आणि दर सहा महिन्यांनी पीयूसी.

एकूण ९४,९०० भागिले ११ करून बघा. महिन्याला ८,६००. हा आकडा आला तेव्हा मी पण जरा चरकलो, कारण हप्ता होता १० हजार ३७९. बायको म्हणाली, हे एवढ्यासाठी केलं होय? पण हप्ता ६० महिने जातो, वर दोन लाख रोख आधीच गेलेले असतात. माझे टायर, क्लच, शॉकअप अजून तीन-चार वर्षं बघायचे नाहीत. इन्शुरन्स मी फक्त थर्ड पार्टी घेतो, ३,४१६ अधिक जीएसटी, म्हणजे चार हजार, कारण एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा इन्शुरन्स) कुणी देत नाही आणि फुल घेऊन मिळणार काय? पण याचाच अर्थ असा की उद्या मी ठोकली तर खर्च सगळा माझा. हे मान्य असेल तरच.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेस धरून २९ वरून १८ टक्के झाला तेव्हा मेव्हण्याचा फोन आलाच, "दाजी, थांबला असता तर?" सहा लाखांच्या गाडीत साधारण ५० हजार वाचले असते हे खरं. पण डिसेंबरात पासिंग संपलेली, तापणारी गाडी घेऊन दहा महिने थांबणार कुठं? ते त्याला सांगून काही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र पैशात बसत नाही. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. पावसाळ्यात घाट उतरताना जोरात ब्रेक मारला की चाकं लॉक होतात आणि गाडी सरळ जाते, स्टिअरिंग कुठं का असेना. मला १५ वर्षांची सवय आहे, मी पंप करत ब्रेक मारतो. पण मुलीला मे महिन्यात १८ पूर्ण होतील आणि ती आत्तापासूनच मागं लागलीये, आपल्या गाडीवरच शिकणार म्हणून. बायकोनं स्पष्ट सांगितलंय, या गाडीवर नाही. इथं मला तिचंच पटतं. क्लच-गिअर शिकायला रविवारी मोकळ्या मैदानात ठीक आहे, हायवेला तिच्या हातात ही गाडी मी पण देणार नाही. म्हणजे पासिंग २०२९ पर्यंत असलं तरी बहुतेक पुढच्या दिवाळीला घरात दुसरी गाडी येईल, एबीएस आणि एअरबॅगवाली, मिळाली तर २०२२ च्या पुढची. तेव्हा ही विकायची की दारात ठेवायची यावरून घरात आत्ताच दोन पार्ट्या झाल्यात.

परवापासून डाव्या पुढच्या चाकाकडं परत बारीक खडखड येतेय. मिस्त्री फोनवर आवाज ऐकून म्हणाले लिंक रॉड नाही, बॉनेटखालचा रबर निसटला असेल. मंगळवारी घेऊन जायचंय.