बर्निनाची साधी गाडी

स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्सहून इटलीतल्या टिरानोला जाणारी 'बर्निना एक्सप्रेस' ही रेल्वेगाडी बहुतेकांना फोटोंमुळे माहीत असते. आम्ही त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाडीने गेलो, आणि पुन्हा गेले तरी साधीच पकडेन. एक्सप्रेसला आसन आधी राखून ठेवावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, स्विस ट्रॅव्हल पास चालतो आणि दिवसा साधारण दर तासाला गाडी असते. शिवाय जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली सरकवता येतात. बर्फावरून आलेला वारा चेहऱ्यावर घेता येतो, फोटोत काचेची झाक येत नाही.

बसायचं उजव्या बाजूला. पोंत्रेसिना सोडल्यावर मोर्तेराच हिमनदी याच बाजूला दिसते.

माझे बाबा पुलांचे इंजिनिअर होते. खूर शहराहून सेंट मॉरिट्सला येताना लांडवासर पुलाने त्यांना आधीच गप्प केलं होतं: 65 मीटर उंच, दगडी, वळणदार, आणि पूल संपताच समोरच्या उभ्या कड्यात थेट बोगदा. पण बर्निनाची त्यांची ओढ निराळी होती. 1910 साली पूर्ण झालेला हा मार्ग 2253 मीटरवरच्या ऑस्पिझिओ बर्निना स्टेशनापर्यंत चढतो आणि 429 मीटरवरच्या टिरानोला उतरतो, तेही दातेरी रुळांशिवाय. काही ठिकाणी हजार मीटरला सत्तर मीटर चढ! "नुसत्या चाकांच्या पकडीवर गं," बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ऑस्पिझिओच्या जरा आधी दोन तळी लागतात. लेय नायर काळसर. लागो बियांको हिमनदीच्या बारीक गाळामुळे दुधाळ. दोन्ही अगदी शेजारी, मधे फक्त पाणलोटाची रेघ. काळ्या तळ्याचं पाणी इन आणि डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. हे माहीत असलं की त्या चिंचोळ्या जमिनीवरून नजर हलत नाही.

आम्हाला मात्र तिथे धुकं लागलं. खिडकीबाहेर नुसता कापूस. पुढच्याच आल्प ग्र्युमला (2091 मीटर) उतरलो. या स्टेशनला मोटाररस्ता नाही, यायचं ते गाडीने किंवा पायी. स्टेशनच्याच उपाहारगृहात जवाचं दाट सूप घेतलं, एक गाडी जाऊ दिली, मग दुसरीही. बाबा दर पाच मिनिटांनी बाहेर डोकावून येत. आणि मग ढग अचानक वर सरकले. उजवीकडे पाल्यू हिमनदी, तिच्याखाली एक इवलंसं तळं, आणि समोर खूप खोलवर हिरवीगार पोस्कियावोची दरी, टोकाला तिचं निळं सरोवर. बाबांनी माझा हात घट्ट धरला. राखीव आसनावर बसलो असतो तर हे सगळं पांढऱ्या पडद्यामागेच राहिलं असतं.

तिथून उतार. गाडी डोंगराच्या एकाच अंगावर वळसे घेत घेत उतरते, मघाचं स्टेशन पुन्हा डोक्यावर दिसतं. पाइनची झाडं मागे पडून चेस्टनट येतात, पाट्या इटालियन होतात, अंगावरचं जाकीट निघतं. ले प्रेझे गावात तर गाडी चक्क रस्त्यावरून जाते, शेजारून मोटारी. ब्रुझिओला नऊ कमानींचा गोल पूल आहे: पूर्ण चक्कर मारून गाडी स्वतःच्याच वाटेखालून बाहेर पडते. उंची कमी करायला जागा नव्हती म्हणून केलेली ही युक्ती. खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात.

टिरानो इटलीत आहे, म्हणून पासपोर्ट जवळ हवा आणि थोडे युरोही. तिथे पिझ्झोकेरी जरूर खा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज. आणखी एक, उन्हाळ्यातही वर चांगलाच गारठा असतो. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो तेव्हा लागो बियांकोवर बर्फाचे तुकडे तरंगत होते.

जेवून स्टेशनवर आलो तर परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. बाबा आधीच डब्यात जाऊन डाव्या बाजूची खिडकी धरून बसले होते, आणि ती त्यांनी खाली सरकवलेलीही होती.